पाप पुन्हा आठवणार नाही, असं देव म्हणतो

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 31 वा अध्याय मला फार जवळचा. सीनाय पर्वतापाशी मोशेनं बैलांचं रक्त इस्राएल लोकांवर शिंपडून देवाचा त्यांच्याशी करार झाला, आज्ञा दगडी पाट्यांवर मिळाल्या आणि लोकांनी तो करार मोडला. त्यावर देव काय म्हणतो? नवा करार करीन, नियमशास्त्र हृदयावर लिहीन, लहानथोर सगळे मला ओळखतील, आणि त्यांचं पाप पुन्हा आठवणार नाही! वल्हांडण या यहुदी सणाच्या भोजनात येशूनं प्याला घेतला आणि हा नवा करार आपल्या रक्तात आहे असं सांगितलं.

आमच्या खानापूरकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या भोजनाची आठवण म्हणून होणाऱ्या प्रभुभोजनाचे छोटे काचेचे प्याले मीच भरते. द्राक्षरसाचा थेंब पांढऱ्या कापडावर सांडला की डाग निघता निघत नाही. कन्नड बोलणारी अज्जी आणि आमचे मराठी काका एकाच ताटातून प्याला उचलतात, तेव्हा ‘लहानथोर सगळे’ हे शब्द मला खरे झालेले दिसतात. (सीमाभागात याचं मोल आम्हालाच ठाऊक.)

आमच्याकडे बांधाचं भांडण नातवंडांपर्यंत पोचतं, म्हणून ‘आठवणार नाही’ हे पचायला जड जातं. संडे स्कूलमधल्या एका पोरीनं विचारलं, “बाई, देव विसरभोळा आहे काय?” नाही गं, त्याला सगळं माहीत असतं. पण आमचं पाप येशूनं स्वतःवर घेतलं, म्हणून देव ते आमच्या नावावर धरत नाही. पुढच्या रविवारी बायबलमधल्याच ‘इब्री लोकांस पत्रा’चा 8 वा अध्याय घेणार आहे, यिर्मयाचे हे शब्द तिथं पुन्हा आलेत.