परड्यातली कुरतडलेली पाने

कोल्हापूर, ८ जुलै

परड्यातल्या कढीपत्त्याची पाने अर्धीअधिक कुरतडली गेली आहेत आणि आज सकाळी ती पाहून मला मनापासून आनंद झाला. पक्ष्यांच्या विष्ठेसारखे दिसणारे जे ठिपके पानांवर होते, त्या लिंबू फुलपाखराच्या कोवळ्या अळ्या होत्या. भक्षकाने दुर्लक्ष करावे म्हणून त्यांना हे रूप मिळाले आहे. कात टाकत वाढल्या की त्या हिरव्या होतात, आणि मोठ्या अळीला हलकेच डिवचले तर डोक्यामागून नारिंगी, दुबेळक्यासारखा अवयव बाहेर येऊन उग्र वास सुटतो. २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेले नीलवंतही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते, म्हणून कुंपणाकडेला लिंबू आणि बेल लावून ठेवले आहेत.

शेजारच्या काकू पलीकडून म्हणाल्या, "अहो, औषध मारा की, झाड जाईल." झाड जात नाही, पुन्हा फुटवा येतो, हे मी त्यांना समजावून सांगितले. परंतु मुख्य कारण निराळे आहे. उंबराच्या कोवळ्या रोपाची पाने शिवून त्यात शिंपी पक्ष्याने घरटे केले आहे आणि पिलांना भरवण्यासाठी त्याला किडे आणि अळ्याच लागतात. फवारलेल्या परड्यात तो काय शोधणार? शिवणीला तो कोळ्याच्या जाळ्याचे धागेही वापरतो, शिंजीरही घरट्याला तेच लावतो, म्हणून पडवीच्या कोपऱ्यातली जाळी झाडूने काढायची नाहीत असे घरात ठरवले आहे. आईंना ते अजून पुरते पटलेले नाही.

घाणेरी मात्र मी मुळासकट काढली. तिच्या फुलांवर फुलपाखरे मध घेतात हे खरे, पण आपल्याकडील फुलपाखरांच्या अळ्यांना तिची पाने चालत नाहीत, आणि ती पसरली की खालचे गवत व इतर रोपे दबून जातात. तिच्या जागी रुई आणि पानफुटी लावली; रुईवर प्लेन टायगरची तर पानफुटीवर रेड पिएरोची अळी वाढते.

पाचोळा जाळण्याची आपल्या गल्लीतली रीत मला फार खटकते. ओल्या पाचोळ्याखाली गांडुळे, गोगलगायी, भुंगेरे असतात, आणि त्यांच्याच शोधात दयाळ व भारद्वाज जमिनीवर उतरतात. राधानगरीचे अभयारण्य १९५८ पासून गव्यांसाठी राखलेले आहे, त्याचा आम्हा कोल्हापूरकरांना अभिमान आहे. परंतु शहरातल्या शिंप्याला आणि अळीला तिथवर जाता येत नाही, त्यांना घरामागची जागाच हवी. उथळ परळातले पाणी मी दर दोन दिवसांनी बदलते, त्यामुळे डासांच्या अळ्यांना वाढायला वेळ मिळत नाही. गटाराकडेच्या मोकळ्या पट्ट्यात आता करंज लावायचा आहे. रोपवाटिकेत रोप पाहून ठेवले आहे, फक्त पावसाची उघडीप हवी.