सादळलेले कुरमुरे

आमच्या बालवाडीच्या भिंतीवर हवामानाचा एक तयार तक्ता आहे. सूर्य, ढग, छत्री आणि गळ्यात लाल मफलर घातलेला बर्फाचा माणूस. रोज सकाळी एकाने उठून त्या दिवसाचं चित्र चिकटवायचं. ठाणे पूर्वेला, मीठबंदरच्या अलीकडे, बर्फाच्या माणसाची पाळी कधी येणार? पण मुलांचा सगळा जीव त्याच्यातच. सूर्य मात्र लावून लावून कडांना पार झिजलाय.

एप्रिलमध्ये एकाने असाच सूर्य लावला, तर शेजारची म्हणाली, "ताई, हे खोटंय. आज चिकचिक आहे." चिकचिकीचं चित्र तक्त्यात नव्हतं. तिसऱ्याने माहिती पुरवली, की बाबांच्या मोबाइलमध्ये दोन आकडे असतात, एक खरा आणि एक वाटतो तो. बरोबरच आहे. हवेत बाष्प एवढं असतं की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. म्हणून ३१ अंशांचे अंगाला ३८ वाटतात. मोबाइलवाल्यांनाही अंगाचं मत विचारात घ्यावं लागत असेल, तर बालवाडीने का घेऊ नये?

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. बोर्डी तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होती. महागड्या आयात साहित्यावाचून, परिसरातल्या पानाफुलांवर, खड्या-शिंपल्यांवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी मुलं शिकवली. त्यांनी हा मफलरवाला पाहिला असता तर काय म्हटलं असतं, हे मनात आलं आणि मी दुसऱ्या दिवशी पावशेर कुरमुरे घेऊन वर्गात गेले.

अर्धे घट्ट झाकणाच्या डब्यात, अर्धे ताटात उघडे. गोष्ट, गाणी, शी-शू एवढं उरकल्यावर दोन्हींतले चार-चार दाणे प्रत्येकाला. डब्यातले कुर्रकन वाजले. ताटातले? "मेलेत," एक जण म्हणाला. मी 'सादळलेत' हा शब्द दिला. पुढचा आठवडाभर सगळं सादळत होतं: रुमाल, खडू, एकाची आजीसुद्धा. जुलैत हाच प्रयोग केला तर ताटातले कुरमुरे पाहता पाहता चिवट झाले. जानेवारीत मधली सुट्टी झाली तरी कुरकुरीत. जिभेने हवा कळते, ही गोष्ट मला स्वतःला पन्नाशीत कळली. स्वयंपाकघरात मिठाचे खडे होतात, पापड मऊ पडतात, ते मी आजवर नुसतं वैतागून बघत होते. आमच्यातल्या एकीचे केस कुरळे आहेत, ते पावसाळ्यात फुलून येतात. सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७८३ साली माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन छापलं होतं. दमट हवेत केस लांबतो, एवढ्यावर सगळं यंत्र. आमचं यंत्र मात्र दोन वेण्या घालून येतं आणि हात लावला की रडतं.

नाकाचा धडा मी शिकवलाच नाही, तो मुलांनी मला शिकवला. हिवाळ्यातल्या सकाळी दारात उभं राहून डोळे मिटायचे. खाडीच्या चिखलाचा वास आला तर वारा खाडीकडून, म्हणजे पूर्वेकडून. भूगोलात ज्यांना मतलई वारे म्हणतात, तेच हे. दुपारी निघायच्या वेळी तळणाचा वास आला की वारा फिरला, आता तो स्टेशनाकडून येतोय. पूर्व-पश्चिम यांतल्या कुणालाच कळत नाही. "आज वडापाव-वारा," एवढं कळतं आणि ते अचूक असतं. ओहोटी असली तर खाडीचा वास जास्त, हेही त्यांनीच शोधलं. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, तेव्हा खाडी गप्प असते.

कानांचं प्रकरण थोडं गडबडलं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत मोजायचं. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. पण आमच्याकडे पाचानंतर थेट आठ येतात, त्यामुळे मीठबंदरावरची वीज एका दमात मुंब्र्याला पोचते. त्यापेक्षा पत्र्यावरचा पाऊस आणि ताडपत्रीवरचा पाऊस ओळखणं त्यांना छान जमतं. आणि डोळे? ते फारच आगाऊ. उघडे असले की बाकीच्यांना बोलूच देत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना सगळ्यांत शेवटी बोलावतो.

मृगाच्या पहिल्या सरीला सगळ्यांना ओळीने दारात उभं केलं. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, थेंब आपटले की ते हवेत उडतं, आणि माणसाचं नाक त्याला कमालीचं तिखट आहे. हे सगळं मला माहीत होतं, पण मी तोंड बंद ठेवलं. "कसला वास येतोय?" "माठाचा." "कुंडीचा." "आमच्या गावचा."

एक जण मात्र ओळीत नव्हता. तो आत तक्त्यापाशी स्टुलावर चढला होता आणि बर्फाचा माणूस दाबून दाबून चिकटवत होता. मी विचारलं, "अरे, बाहेर पाऊस पडतोय ना?"

"बाहेर पडतोय. आमच्या घरी आईने काल फ्रीज बंद करून बर्फ काढला. मी हात घातला होता."

"मग कसा लागला?"

त्याने माझा हात ओढून घेतला, त्यावर आपला तळवा घट्ट दाबला आणि वाट पाहू लागला, मला कधी गार लागतंय याची.