दोन रिषभांचा हिशेब

मागच्या नोंदीत माझ्या पेडल स्टील गिटारची (आडवी ठेवून वाजवायची, पेडल आणि लिव्हरने तारांचे सूर बदलणारी गिटार) तिन्ही पेडल आणि गुडघ्याचे चारही लिव्हर चालू झाल्याचं लिहिलं होतं. चालू म्हणजे दाबलं की तारा ओढल्या जातात, एवढंच. ओढलेली तार नेमकी कुठे जाऊन थांबली पाहिजे, हे काम आता बरंच पुढे सरकलंय आणि सातव्या तारेचा वादही मिटलाय. म्हणून आजची नोंद लांबणार.

आपल्यापैकी बरेच जण हवाईयन गिटारवरून किंवा थेट शास्त्रीय गाण्याकडून इकडे आलेत, तेव्हा मी स्वरांच्या भाषेतच बोलतो. माझं दहा तारांचं वाद्य ई-नाईन जुळवणीत आहे. हार्मोनियमची पांढरी तीन सा धरला की चौथी आणि आठवी तार सा, तिसरी आणि सहावी गंधार, पाचवी आणि दहावी पंचम, पहिली आणि सातवी रिषभ. दुसरी शुद्ध निषाद, नववी कोमल निषाद. पहिल्या दोन तारा चढत्या क्रमात का बसत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. त्या मूळच्या नाहीतच, पेडल स्टील वादक बडी एमन्सने नंतर वर जोडल्या. मधले स्वर हाताशी असावेत म्हणून.

ए पेडल दाबलं की दोन्ही पंचम धैवतावर जातात. बी पेडलने दोन्ही गंधार शुद्ध मध्यमावर. सी पेडल चौथ्या तारेचा सा रिषभावर नेतं आणि पाचवीचा पंचम धैवतावर. डाव्या गुडघ्याचा एक लिव्हर सा कोमल रिषभावर चढवतो, दुसरा निषादावर उतरवतो. १९५३-५४ च्या सुमारास बड आयझॅक्स या वादकाने तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर बदलायला सुरुवात केली आणि या वाद्याचं नशीबच पालटलं. आपल्या कानाला ती मींडच वाटते, फरक इतकाच की एक स्वर हलतो आणि शेजारचा जागेवर राहतो.

आता मुद्दा. ट्यूनर लावा, दहाही तारा आणि सगळी पेडल शून्यावर आणा आणि तिसरी-चौथी तार एकत्र छेडा. आवाज लहान-मोठा होत असल्याच्या स्वच्छ लाटा ऐकू येतात, सेकंदाला सुमारे १३. ट्यूनरचा गंधार सा पासून ४०० सेंटवर आहे (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक हार्मोनियमवर आपण आयुष्यभर सोसतो, पण स्टीलची तार मिटायलाच इतका वेळ घेते की तिथे तो लपत नाही. म्हणून मी ट्यूनर बाजूला ठेवला, इलेक्ट्रॉनिक तानपुरा पांढरी तीनवर लावला आणि गंधाराच्या तारा कानाने उतरवत नेल्या. लाटा थांबल्यावर ट्यूनरची सुई पाहिली तर उणे १४, म्हणजे ट्यूनरच्या जागेपासून १४ सेंट खाली.

एकदा गंधार खाली आला की बाकीचे त्याच्यामागे जातात. मध्यम उणे २ वर बसतो. ए आणि बी एकत्र दाबल्यावर मध्यम-धैवत-सा हा मेळ तयार होतो, त्यात मध्यमाला सा मानलं तर धैवत त्याचा गंधार, म्हणून तो उणे १६. डाव्या गुडघ्याच्या लिव्हरचा कोमल रिषभ ए पेडलबरोबर वाजतो, तिथे तो धैवताचा गंधार होतो, म्हणजे आणखी १४ खाली, जवळजवळ उणे ३०. सुईकडे बघून पोटात गोळा येतो, कानाला मात्र काहीच खटकत नाही. कीबोर्डवाल्या मित्राबरोबर बसायचं असलं की मी सा च ७-८ सेंट चढा ठेवतो. मग गंधार-धैवत त्याच्या पट्ट्यांपासून फार लांब पडत नाहीत.

सातव्या तारेचं भांडण असं. उघडी वाजते तेव्हा तिची जोडी पाचवीच्या पंचमाशी, आणि पंचमाशी शुद्ध पंचमभावात (सा-प च्या नात्यात) बसायला रिषभ अधिक ४ वर हवा. ए पेडल दाबलं की पाचवी तार धैवत होते, उणे १६ वर. आता त्याच रिषभाने धैवताशी जुळायचं तर तो उणे १८ वर हवा. एक तार, दोन जागा, मधे २१.५ सेंट. तडजोड म्हणून मधेच ठेवली तर दोन्हीकडे वाकडी.

हा २१.५ सेंटचा फरक आपल्याकडे नवा नाही. बहुतेक अभ्यासक ज्याला प्रमाणश्रुती म्हणतात तो हाच, ८१/८० या प्रमाणाचा. चतुःश्रुती रिषभ आणि त्रिश्रुती रिषभ यांच्यातलं अंतर. गंमत म्हणजे शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो इथेच, देवगिरीला, तेराव्या शतकात. आमच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असली की दौलताबादचा किल्ला दिसतो. बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घ्यायच्या, एक ध्रुव, एक चल, आणि चल वीणा पायरीपायरीने उतरवत ध्रुवेशी ताडून पाहायची, ही त्याची रीत. सिंघण यादवाच्या दरबारात तो हिशेबाच्या खात्याचा मोठा अधिकारी होता. ते श्रुतींच्या मोजणीत जाणवतं, असं आपलं मला वाटतं.

पेडल स्टीलवाल्यांचा यावरचा उपाय म्हणजे कॉम्पेन्सेटर: ए पेडलला आणखी एक रॉड जोडायचा आणि तो पहिल्या व सातव्या तारेच्या उतार-फिंगरला, म्हणजे तार ढिली करणाऱ्या तुकड्याला, लावायचा. पंचम चढत असताना रिषभ आपोआप तेवढा खाली सरकतो. ध्रुव आणि चल एकाच तारेवर! माझ्या वाद्यात सातव्या तारेला उतार नव्हताच, त्यामुळे चेंजरमध्ये (तारांच्या टोकाला ही फिंगर जिथे बसतात त्या यंत्रणेत) भोक मोकळं होतं. २.४ मिलिमीटरचा स्टेनलेस रॉड इथेच मिळाला. बेलक्रँक, म्हणजे पेडलची ओढ रॉडकडे वळवणाऱ्या छोट्या तरफा, वाळूजच्या एका लेथवाल्याकडून करून घेतले. नमुना हातात घेऊन त्यांनी विचारलं, “साहेब, ब्रेकचं लिंकेज आहे का?” गिटारचं म्हटल्यावर हसले, पण भोकांचं माप कॅलिपर लावून तीनदा तपासलं. काम चोख झालंय. उतार इतका थोडा हवा असल्यामुळे रॉड बेलक्रँकच्या आडव्या दांड्याजवळच्या भोकात घातला. दांड्यापासून लांबचं भोक घेतलं की ओढ जास्त मिळते आणि पेडल जड होतं.

रॉडच्या टोकावरच्या नायलॉन नटाबद्दल दोन शब्द, कारण नव्यांचा गोंधळ तिथेच होतो. पेडल किती खाली जाणार हे त्याच्या थांब्यावर ठरलेलं असतं. नट फक्त एवढंच ठरवतो की रॉड फिंगरला कधी पकडणार. घट्ट केला तर लवकर पकडतो, मग चढणारी तार जास्त चढते आणि उतरणारी जास्त उतरते. प्रमाणाबाहेर घट्ट केला तर पेडलला पाय लागायच्या आधीच उघडी तार हलते आणि मग खुंटीवर कितीही फिरवा, हिशेब लागत नाही. माझ्या ऑल-पुल रचनेत (चढ आणि उतार दोन्ही रॉड ओढूनच होतात) क्रम असा: उघडे सूर खुंटीवर, मग चढ आणि उतार दुसऱ्या टोकाला नटावर. जी तार चढते आणि उतरतेही, ती दोन्हीकडून परत आणून पाहायची. चढवून सोडल्यावर एक सूर आणि उतरवून सोडल्यावर दुसरा, असं झालं तर आधी स्प्रिंग बघा, नंतर धूळ. आमच्याकडे धूळच निघते.

ए पेडलवर दहावी तार पाचवीच्या मागून पोचत होती. नटाने फक्त शेवट जुळतो, सुरुवात नाही. दहावीचा रॉड चेंजरमध्ये आसाच्या जवळच्या भोकात घेतल्यावर दोघी बरोबर निघतात, बरोबर पोचतात. पाऊल थोडं जड झालं, चालेल.

ए-बी एकत्र दाबले की लाकडी अंगच किंचित वाकतं आणि ज्या तारांना कुणी हात लावला नाही त्याही उतरतात. माझ्याकडे चौथी तार २-३ सेंट उतरते. याला इलाज नाही. मी धैवत आणि मध्यम लावतो ते पेडल दाबलेल्या अवस्थेतल्या चौथ्या तारेशी, उघड्या सा शी नाही.

वरचे सगळे आकडे संध्याकाळचे समजा. मे महिन्यात दुपारी ४० च्या वर पारा गेला की तारा उतरतात, पण सगळ्या सारख्या नाही. कूलर लावला तर दमटपणा येतो. मी दुपारी फक्त खुंट्या जुळवतो, नटांना हात लावत नाही. दुपारी फिरवलेला नट रात्री परत फिरवावा लागतो. आणि तिसरी तार, ०.०११ इंचाची, जादा आणून ठेवा. सगळ्यात आधी तीच तुटते, तीही नेमकी वाजवायला बसल्यावर.

सी पेडलवरचा चौथ्या तारेचा रिषभ बी पेडलबरोबर वाजतो, मध्यम-धैवताच्या संगतीत, म्हणून तो सरळ उणे १८ वर लावून टाकला. तिथे वादच नाही. नववी तार उणे ४ वर ठेवली आहे. कोणी आणखी खाली ठेवत असेल तर कळवा, ऐकायला आवडेल.

राहिलं ते उजव्या गुडघ्याचं. दुसरी तार निषादावरून आधी कोमल निषाद आणि मग धैवत अशी दोन टप्प्यांत उतरायला हवी आणि मधला थांबा गुडघ्याला जाणवायला हवा. त्यासाठी लावलेली स्प्रिंग फार कडक आहे, लिव्हर कोमल निषादावरच अडतो. वाळूजला पुन्हा जायचंय, या वेळी स्प्रिंगवाल्याकडे.