तंबोऱ्याची जवारी बंद झाली की

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा तंबोरा खाली येतो. कुणीतरी तार छेडतं, 'टण्' असा कोरडा आवाज येतो आणि घरातली मंडळी ठरवून टाकतात, की वाद्य गेलं. मग ते दिवाणखान्यात शोभेला उभं राहतं. सांगली-मिरजेच्या परिसरात असं होताना पाहून फार वाईट वाटतं, कारण अशातले बरेच तंबोरे पुन्हा गाऊ शकतात. भोपळा आणि दांडी धड असेल, तर बिघाड बहुधा घोडीवर असतो. जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याच्या घडणीमुळे तारेला येणारा झंकार, बंद झालेली असते.

घोडी म्हणजे तबलीवरचा, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी पाटीवरचा, तो छोटा चौरंग, ज्यावरून चारही तारा जातात. तिचा माथा लांबून सपाट दिसतो, पण बोट फिरवलं तर दांडीकडच्या बाजूला अगदी किंचित उतार लागतो. तार कंप पावताना त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्यातूनच मूळ सुराबरोबर वरचे सूर जागे होतात. खर्ज, म्हणजे सगळ्यांत जाड तारेचा खालचा षड्ज, नीट लागला, की त्यातून दोन सप्तकं वरचा गंधार आपोआप ऐकू येतो. गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. उतार बिघडला की तो हरवतो. रोजच्या रियाजाने तार एकाच जागी घासते, तिच्याखाली बारीक चर पडतो आणि तार त्यात रुतून बसते. आवाज एक तर मुका होतो, नाहीतर चिरका.

इथे घरचा पॉलिशपेपर काढू नका, ही कळकळीची विनंती. मिरजेतले कारागीर कानशीने एखादा हात मारतात, तार जागेवर आणतात, सुरात घेतात, ऐकतात आणि पुन्हा कानस उचलतात. प्रत्येक तारेखालचा उतार वेगळा काढावा लागतो. खर्जाची जाड तार आणि जोडाची, म्हणजे मधल्या दोन तारांपैकी, बारीक तार एकाच उतारावर बोलत नाहीत. जास्त घासलेली घोडी परत भरता येत नाही. प्रत्येक जवारीत तिची उंची थोडी कमी होते आणि शेवटी घोडीच बदलावी लागते. म्हणून जवारी काढायला जाताना आपली पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या सुराला षड्ज धरून गाता तो सूर, आधी सांगा. काळी एकला काढलेली जवारी काळी चारला तशीच बोलेल असं नाही.

कारागिराकडे जाण्यापूर्वी एक गोष्ट मात्र घरी करून पाहावी. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा असतो, त्याला सूत किंवा जव म्हणतात. पुष्कळदा हा दोराच गळून पडलेला किंवा मळलेला असतो. साधा सुती शिवणदोरा घ्या, बोटभर लांबीचा. तार किंचित उचलून तो खालून सरकवा. मग एका हाताने तार छेडत दुसऱ्या हाताने दोरा अगदी सावकाश पुढे-मागे हलवा. एका ठिकाणी तार एकदम खुलते, झंकार लांबतो. ती जागा केसाएवढी असते, पुढे गेलात की आवाज पुन्हा बसतो. खर्जाला दोरा जरा जाड लागतो. दोरा हलला की सूरही हलतो, त्यामुळे आधी सूर, मग दोरा, मग पुन्हा सूर असाच क्रम ठेवावा लागतो.

जुळवताना आधी मधल्या दोन तारा, म्हणजे जोड. त्या षड्जाला लावायच्या. दोघींत थोडा फरक असेल तर आवाजाला हेलकावे येतात. ते संथ होत होत थांबले की जोड मिळाली. मग खर्ज, शेवटी पहिली तार पंचमाला. मालकंस रागात पंचम वर्ज्य, म्हणून तिथे ही तार मध्यमाला लावतात. खुंटीने सूर किंचित खालीच ठेवा आणि उरलेलं काम घोडीमागच्या मण्याने करा. मणी लंगोटाकडे, म्हणजे भोपळ्याच्या तळाशी तारा जिथे अडकवतात तिकडे, सरकवला की सूर चढतो. मणी आधीच टोकाला जाऊन बसला असेल तर पुढे सरकायला जागाच राहत नाही, म्हणून सुरुवातीला तो मध्यावर असावा. पहिली तार मधल्या बोटाने आणि बाकीच्या तीन तर्जनीने, मांसल भागाने छेडायच्या. ओढून वाजवलेल्या तारेचा सूर क्षणभर चढतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात आकसून सुटतात. सुटणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावून ती आत दाबत फिरवावी. अडकलेली पक्कडीने पिळू नये, दांडीच चिरते. तारा बदलताना एकेक बदला. चारही एकदम सोडल्या तर घोडी जागची हलते. बदलण्याआधी पेन्सिलने तिच्या कडेने बारीक खूण केलेली बरी.

भोपळा हा या वाद्याचा सगळ्यांत नाजूक भाग. मिरजेला तो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. शेतकरी वेलीवर त्याचा घाट सांभाळतात, मग तो वाळवला जातो. दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची. मिरजेतल्या या वाद्यं बनवण्याच्या कामाचा पाया एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी घातला. त्यांचं घराणं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, तेही वाद्यदुरुस्ती स्वतः जाणणारे. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने नाव राखलं जाईल, पण काम राखायचं तर जुनी वाद्यं दुरुस्तीला येत राहिली पाहिजेत.

ओलीच्या भिंतीला भोपळा टेकवू नका आणि पावसाळ्यानंतर 'ऊन दाखवायला' गच्चीवरही ठेवू नका. थेट उन्हाने सांधे सुटतात. सावलीत, वारा लागेल अशा जागी गवसणी काढून ठेवला की पुरे. एसटीने न्यायचा असेल तर तारा दोन-तीन सुरांनी उतरवा आणि भोपळ्याखाली घडी केलेली गोधडी ठेवा.

खंडेनवमीला वाद्यांची पूजा होते. तंबोऱ्याला गंधफूल जरूर वाहावं, पण हळदकुंकू तबलीवर किंवा घोडीवर टाकू नये. कुंकवाचे कण दोऱ्याखाली अडकतात आणि लाखेच्या पॉलिशवर पाण्याचा डाग कायमचा बसतो. विड्याच्या पानावर कुंकू ठेवून ते पान भोपळ्याजवळ ठेवा. पूजा पुरी होते, वाद्यही वाचतं.

हरिनाम सप्ताहात अखंड भजनासाठी गळ्यात घेतात त्या विणेचंही तेच. पहारा बदलताना ती खाली ठेवत नाहीत, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. मात्र सात दिवसांत तिच्या खुंटीला हात लावायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. पहारा घेताना नव्या विणेकऱ्याने नमस्कार करून दोन क्षण तार ऐकावी, उतरली असेल तर चढवून घ्यावी आणि मग 'रामकृष्णहरी' सुरू करावं.