खरी आहे का?

टेप माझ्या हातात असते आणि गिऱ्हाइकाची नजर माझ्या छातीवर. "ताई, राग मानू नका, पण खरी आहे का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी ट्रान्स बाई, जन्मले तेव्हा मुलगा म्हणून नोंदलेली. २२ वर्षं ब्लाऊज शिवतेय, आत कप लावलेला मी दुरून ओळखते. माझी खरी आहे. हार्मोनमुळे नुसती चरबी चढत नाही; दूधग्रंथी, नलिका सगळं तयार होतं, तुमच्यासारखंच.

सुरुवातीला स्तनाग्राखाली वाटाण्याएवढी गाठ आली. टेबलाची कड लागली तरी डोळ्यांत पाणी. त्या गाठीचे पेढे वाटायचे तेवढे राहिले! डॉक्टर वगैरे कुठला तेव्हा? हार्मोनसाठी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणायच्या आणि रोज एकीच्या जागी चार गिळायच्या. छाती वाढते ती आपल्या गतीनं, दोन-तीन वर्षं. जास्त गोळ्यांनी वाढतं ते रक्तात गुठळी होण्याचं भय. आज हे कळतं. तेव्हाच्या मला सांगून उपयोग नव्हता, आणि तिला मूर्ख म्हणायलाही जीभ वळत नाही. तिला विचारायला होतं कोण?

४८व्या वर्षी दुसरी गाठ आली. डावीकडे, काखेच्या बाजूला, अंघोळ करताना साबणाच्या हाताला लागली. ही दुखत नव्हती, म्हणूनच घाबरले.

मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीला गेले. काउंटरवरची मुलगी फॉर्म भरू लागली. "शेवटची पाळी?"

"येत नाही."

"बंद कधी झाली?"

"आलीच नाही कधी."

तिनं मान वर केली. आधारवर तेव्हा माझं जुनंच नाव होतं. कार्ड उलटंसुलटं करून तिनं आत ओरडून विचारलं, "सर, जेंट्सची मॅमोग्राफी करतो का आपण?" बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. एकीनं पर्स मांडीवर ओढून घेतली. तिच्या अंगातला ब्लाऊज मी शिवलेला होता. पाठीची नाडी माझी, लटकन माझं. तिनं मला ओळखलं होतं. काही बोलली नाही.

मी कार्ड उचललं आणि निघाले. चार महिने कुठेच गेले नाही.

दुसरीकडे जायचं, म्हणाल. जायलाच हवं होतं. आमच्या पोरींना मीच सांगते, गाठ लागली की आठवड्यात दाखव. स्वतः काय केलं, तर डाव्या कुशीवर झोपायचं सोडलं. त्या मुलीचा राग अजून आहे, पण ते चार महिने तिच्या नावावर टाकता येत नाहीत.

शेवटी दुसऱ्या गावी गेले. गाठ साधी निघाली. ती पर्सवाली दिवाळीला दोन ब्लाऊजपीस घेऊन आली. शिवले. पैसे मात्र पूर्ण घेतले.

आपल्याला कॅन्सर होत नाही, असं आमच्याच पोरी म्हणतात. नेदरलँड्समध्ये हार्मोन घेणाऱ्या २,२६० ट्रान्स बायकांचा अभ्यास २०१९ साली छापून आला. त्यांत १५ जणींना स्तनाचा कॅन्सर झाला होता. इतर बायकांपेक्षा धोका कमी, पण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त.

आता माझी पन्नाशी उलटलीय. डॉक्टरीणबाई दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करायला सांगतात, मी जाते. पाळीचा रकाना फॉर्मवर असतोच. मागच्या वेळी आडवी रेघ मारली, त्याआधी कोरा सोडला होता.