विस्कटले ते केस, माणूस नव्हे

'डिशेव्हल', म्हणजे केस किंवा कपडे विस्कटवणे, या इंग्रजी क्रियापदाचा पहिला घोळ उच्चारात होतो. डी-आय-एसच्या पुढे एच दिसला की 'डिसहार्टन'च्या सवयीने डोळा तिथेच तोड करतो आणि तोंडातून 'डिस-हेवल' बाहेर पडतं. इथे एस आणि एच मिळून सरळ 'श' होतो, आणि जोर त्या 'शे'वर द्यायचा: डि-शे-व्हल.

शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे. त्यातला 'शेव्हल' म्हणजे केस, आणि तो आला लॅटिन 'कॅपिलस'वरून. याच 'कॅपिलस'वरून 'कॅपिलरी' निघाला, आणि जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकात आपण तिला 'केशवाहिनी' म्हणतो. केस दोन्हीकडे शाबूत. सुरुवातीचा अर्थ मात्र घाण किंवा गबाळेपणाचा नव्हता. डोक्यावर काही न घेता केस मोकळे सोडलेली व्यक्ती, एवढाच. द्रौपदीला 'मुक्तकेशा' म्हणतात त्याच्या हा अर्थ बराच जवळ जातो. मोकळे केस म्हणजे अव्यवस्थित केस, आणि मग अव्यवस्थित कपडेही, हा प्रवास नंतरचा.

'डिशेव्हल्ड' हे विशेषण आधी आलं आणि क्रियापद त्यातून मागाहून, इ. स. १६००च्या आसपास, काढलं गेलं. 'बर्ग्लर'मधून 'बर्गल' काढलं, तसंच. म्हणूनच आजही 'डिशेव्हल्ड' सर्रास भेटतं, पण 'डिशेव्हल' क्रियापद म्हणून क्वचितच. 'द विंड डिशेव्हल्ड हर हेअर' हे वाक्य बरोबर आहे. कर्माशिवाय मात्र हे क्रियापद चालत नाही. मराठीत 'केस विस्कटले' आणि 'वाऱ्याने केस विस्कटले' दोन्ही एकाच क्रियापदात बसतं, म्हणून आपल्याकडून 'माय हेअर डिशेव्हल्ड' लिहिलं जातं. तिथे 'गॉट डिशेव्हल्ड' किंवा 'वॉज डिशेव्हल्ड' हवं. ब्रिटिश पद्धतीत 'एड' आणि 'इंग' लागताना एल दोनदा, अमेरिकन पद्धतीत एकदाच. आपल्या शाळांतून ब्रिटिश पद्धत शिकवतात, तेव्हा दोन एल. आणि 'शेव्हल्ड' असा उलटा शब्द नाही. नीटनेटक्या माणसाला तसं म्हटलं तर तो विनोद ठरतो.

आता शेजारचे शब्द. साताऱ्याहून सज्जनगडाचा फाटा मागे टाकून ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीच्या पठारापर्यंत दुचाकीवर गेलेला एकच माणूस घ्या. पवनचक्क्यांखाली हेल्मेट काढलं आणि वाऱ्याने भांग मोडला, तर तो डिशेव्हल्ड. आधी काहीतरी नीट होतं आणि ते बिघडलं, ही त्यातली मेख. ठोसेघरला पावसात सापडून पँटचे पाय चिखलाने बरबटले, तर बिड्रॅगल्ड. त्याला ओल आणि राड लागते, नुसत्या कोरड्या वाऱ्यावर तो शब्द खर्ची घालू नये. बॅगेत कोंबलेला शर्ट बाहेर काढला तर तो रंपल्ड, म्हणजे चुरगळलेला. मागे बसलेल्या बहिणीने मुद्दाम बोटं फिरवून केस उधळले तर तिने ते टाउझल केले. यात बरेचदा लाड असतो, मात्र शब्दाचं सख्खं भावंड आहे 'टसल', तेच आपल्या 'दोघांत टसल आहे'मधलं.

आणि हा गडी मुळात महिनाभर फणीच न लावणारा असेल तर 'अनकेम्प्ट'. 'केम्प्ट' म्हणजे विंचरलेला. त्यामुळे अनकेम्प्ट माणसाला वाऱ्याची गरज नाही, तो घरातूनच तसा निघतो. मराठीत हाच फरक 'अवतार' आणि 'गबाळा' या दोन शब्दांत चोख बसतो. 'काय हा अवतार!' हे आत्ताच्या रूपाबद्दल, 'गबाळा आहे' हे स्वभावाबद्दल. परीक्षेत दोन्ही इंग्रजी शब्दांना 'अस्ताव्यस्त' एवढंच उत्तर पाठ केलं की हा फरक हातचा जातो.

खोलीबद्दल 'डिशेव्हल्ड' लिहावं का? कोशाचा आधार काढता येईल, पण कानाला खटकतं. आपली चूक होते कारण 'विस्कटणे' फार ऐसपैस आहे: केस विस्कटतात, साडीची घडी विस्कटते, घर विस्कटतं, संसारही विस्कटतो. इंग्रजीत खोलीसाठी साधं 'मेसी' पुरे. सामान दाटलं असेल तर 'क्लटर्ड', जे 'क्लॉट'च्या, म्हणजे गुठळीच्या घरातलं. कागद जमिनीभर पांगले असतील तर 'स्ट्रून'.

उलट दिशेने, इंग्रजीतून मराठीत येताना, खरी फजिती होते. 'अ डिशेव्हल्ड मॅन ओपन्ड द डोअर' याचं 'एका विस्कटलेल्या माणसाने दार उघडलं' असं भाषांतर केलं, तर मराठी वाचक त्याच्या केसांकडे बघतच नाही. त्याला वाटतं याचं घरदार मोडलंय, धंदा बुडालाय. इंग्रजीत विशेषण माणसाला लागतं, मराठीत ते केसांना आणि कपड्यांना लावावं लागतं: 'केस विस्कटलेल्या, चुरगळलेल्या कपड्यांतल्या माणसाने दार उघडलं.' आधीच्या परिच्छेदात तो झोपेतून उठल्याचं आलं असेल तर कपडे गाळून नुसते 'पिंजारलेले केस' ठेवावेत. 'पिंजारलेले' म्हटलं की पिंजलेला कापूस डोळ्यांपुढे येतो आणि चित्र पुरं होतं. बाईबद्दल असेल तर 'झिंज्या' हा शब्द हाताशी येतो, पण तो रागाने किंवा हिणवून बोलायचा. मूळ लेखक चिडलेला नसेल तर तो टाळावा आणि 'केस मोकळे सुटलेली' म्हणावं, जो 'डिशेव्हल्ड'चा अगदी जुना अर्थ आहे.