सायबर सिक्युरिटीत बी.टेक. करताना खरा अभ्यास कशाचा होतो

दरवर्षी सीईटीचा निकाल लागून कॅप राउंडचे ऑप्शन फॉर्म भरण्याची वेळ आली की ओळखीतली मुले आणि त्यांचे पालक मला हटकून विचारतात, की कम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावे की सायबर सिक्युरिटी. प्रश्न रास्त आहे, कारण गेल्या काही वर्षांत शाखांची यादी फारच लांबली आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न काही महाविद्यालयांत ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी’ अशी शाखा आहे, आणि इतके सगळे चार वर्षांत किती खोलात शिकवणार, हे तेवढ्यावरून कोणालाच सांगता येणार नाही. मी स्वतः सायबर सिक्युरिटीत बी.टेक. केले आणि सध्या पुण्यात संगणक-जाळ्यांवर नजर ठेवून हल्ले ओळखणाऱ्या एका सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ‘सॉक’मध्ये, काम करते. ही पदवी घेण्याजोगी आहे असे मला मनापासून वाटते, मात्र तिचे मोल ऑपरेटिंग सिस्टीम, कम्प्युटर नेटवर्क्स, सी प्रोग्रॅमिंग आणि गणित हे पायाचे विषय तिथे किती कसून शिकवले जातात यावर ठरते. ‘एथिकल हॅकिंग’ या विषयाला किती क्रेडिट आहेत, हे त्यानंतर पाहायचे.

असे मी का म्हणते, ते मार्च २०२४ मधल्या एका घटनेवरून सांगता येईल. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे. सुरक्षा हा त्यांचा व्यवसाय नव्हे. डेबियन लिनक्सच्या ‘सिड’ या अस्थिर आवृत्तीवर कामगिरीची मोजमापे घेत असताना एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सेवेने, लॉगिन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे आणि प्रोसेसरही विनाकारण खर्ची पडतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी मात्र तो वेळ नेमका कुठे जातो याचा माग काढला, आणि तो निघाला एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्या लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडच्या संचात. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवून ठेवला होता. ‘जिया टॅन’ हे नाव लावणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात निमूटपणे काम करून मूळ देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला होता. २९ मार्च रोजी फ्रॉइंड यांनी हे जाहीर केले, तेव्हा त्या आवृत्त्या लिनक्सच्या बहुतेक स्थिर वितरणांत पोहोचायच्या होत्या. आणखी काही महिने गेले असते, तर जगभरातले असंख्य सर्व्हर उघडे पडले असते.

या घटनेत कुठल्याही हॅकिंगच्या साधनाने काही शोधले नाही. निरोगी यंत्रणा कशी वागते हे ज्याला आतून ठाऊक होते, त्यालाच तिचे बिघडलेपण जाणवले. एसएसएच सेवा सुरू होताना कोणत्या लायब्ररी स्मृतीत चढतात, एसएसएचशी थेट संबंध नसलेली एक्सझेडची लायब्ररी सिस्टमडी या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या वाटेने तिथे कशी येते, प्रोसेसरचा वेळ कुठे गेला हे कसे मोजायचे, हे सगळे ऑपरेटिंग सिस्टीमच्या अभ्यासक्रमातले प्रश्न आहेत. सॉकमध्ये माझे रोजचे काम याच जातीचे आहे. एखाद्या संगणकावर वर्ड या प्रोग्रॅमने पॉवरशेल हा आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम सुरू केल्याची सूचना पडद्यावर येते, तेव्हा कोणत्या प्रक्रियेने कोणती प्रक्रिया जन्माला घातली याची साखळी मागे मागे वाचत जावे लागते. विंडोजच्या नोंदींत ४६२५ हा क्रमांक फसलेल्या लॉगिनचा आणि ४६२४ यशस्वी लॉगिनचा. ४६२५ च्या लांबलचक रांगेनंतर त्याच खात्याची ४६२४ ही एकच नोंद दिसली, की कोणीतरी पासवर्ड ओळखला असावा अशी शंका घ्यायची आणि तपासाला लागायचे. क्रमांक पाठ करायला एक दुपार पुरते. त्यांच्यामागे यंत्रात काय घडले हे समजायला दोन-तीन सेमिस्टर लागतात, आणि पदवीचा काळ त्यासाठीच असतो.

मला सर्वांत अधिक देणारे प्रॅक्टिकल दुसऱ्या वर्षातले होते. सी भाषेत दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा, त्यात सोळा बाइटांचा बफर, म्हणजे मजकूर ठेवायची ठरावीक जागा, घ्यायचा, आणि लांबी न तपासणाऱ्या फंक्शनने त्यात हवी तेवढी अक्षरे ओतायची. कंपायलरची संरक्षणे मुद्दाम बंद ठेवलेली असत. आम्ही इंग्रजीतले कॅपिटल ‘ए’ एकापुढे एक भरत गेलो. प्रोग्रॅम कोसळला, आणि डीबगरमध्ये पाहिले तर पुढची सूचना कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये ४१४१४१४१ हा आकडा बसला होता. ‘ए’ या अक्षराचा हेक्साडेसिमल संकेत ४१. म्हणजे आम्ही कळफलकावरून टाइप केलेला मजकूर प्रोसेसरने परतीचा पत्ता म्हणून स्वीकारला होता. त्या क्षणी स्टॅक, फंक्शनचा परतावा, स्मृतीची मांडणी हे तोवर जर्नलात उतरवून काढलेले शब्द एकदम जिवंत झाले. नोव्हेंबर १९८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातला पदव्युत्तर विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याच्या वर्मने, म्हणजे स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, इंटरनेटवर धुमाकूळ घातला, तेव्हा त्याच्या अनेक मार्गांपैकी एक हाच होता : फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेतल्या ५१२ बाइटांच्या बफरमध्ये ५३६ बाइट घुसवणे. आमच्या सरांनी तो वर्म सांगितला तो प्रॅक्टिकल झाल्यानंतर, आधी नव्हे, आणि हा क्रम मला अजूनही फार मोलाचा वाटतो. स्वतःच्या हाताने पत्ता पुसलेला पाहिल्यावर इतिहास निराळाच वाचला जातो.

नेटवर्क्सबद्दल थोडक्यात सांगते. वायरशार्क या जाळ्यावरची पॅकेट पकडणाऱ्या साधनात टेलनेट या एन्क्रिप्शन नसलेल्या जुन्या सेवेचे एक लॉगिन पकडून पासवर्डची अक्षरे एकेक पॅकेटमध्ये उघड्यावर जाताना ज्याने पाहिली आहेत, त्याला एन्क्रिप्शन का हवे हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

गणिताची भीती मात्र घालवायला हवी. मॉड्युलर अंकगणित, मूळ संख्या, थोडा गट सिद्धान्त एवढ्या शिदोरीवर डिफी आणि हेलमन यांचा १९७६ मधला किल्ली-विनिमय आणि त्यापाठोपाठ आलेली आरएसए ही एन्क्रिप्शनची पद्धत पदवीचा विद्यार्थी कागद-पेन्सिलीने करून पाहू शकतो. पदवीच्या विद्यार्थ्याची पोच किती असते, याचे आपल्याच देशातले उदाहरण मला नेहमी आठवते. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि बहुपदी वेळात, म्हणजे संख्या मोठी झाली तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात, ठरवणारी रीत ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतून जगापुढे आली. प्राध्यापक मणींद्र अग्रवाल यांच्यासोबत ती शोधणारे नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी त्याच वर्षी बी.टेक. पूर्ण केले होते, आणि त्या शोधाची पूर्वतयारी त्यांच्या बी.टेक.च्या प्रकल्पातच झाली होती. व्यवहारात आरएसएसाठी मूळ संख्या निवडताना आजही जुन्या, संभाव्यतेवर आधारलेल्या चाचण्याच वापरतात, कारण त्या अधिक वेगवान आहेत. पण त्याने या शोधाची उंची कमी होत नाही. गणित शिकताना एक गोष्ट सोबतच कळायला हवी, की प्रत्यक्षातली पडझड बहुधा गणितात होत नाही. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड या त्रुटीत एन्क्रिप्शनला धक्काही लागला नव्हता. समोरच्याने ‘माझा मजकूर इतका लांब आहे’ असे सांगितले आणि ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने ते न पडताळता एका खेपेस ६४ किलोबाइटांपर्यंत स्मृती परत पाठवली, एवढेच झाले होते.

पुण्यात राहून या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने कॉसमॉस बँकेचे प्रकरण बारकाईने वाचलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतात आणखी सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यामार्फत आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर. एटीएममध्ये कार्ड घातले की विनंती स्विचकडे येते आणि स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला शिल्लक विचारून होकार किंवा नकार देतो. इथे हल्लेखोरांनी मध्येच बनावट स्विच उभा केला, विनंत्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचूच दिल्या नाहीत आणि परस्पर होकार देत राहिले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले, पण ते प्रामुख्याने एटीएमवर पैसे काढणारे होते. नेटवर्कचे विभाजन, नोंदींची तपासणी, व्यवहारांच्या संख्येवरची देखरेख, शनिवार-रविवारची जबाबदारी कोणाची, असे कितीतरी धडे यात आहेत. वर्गात परदेशी कंपन्यांची उदाहरणे जरूर असावीत. परंतु आपल्या शहरातल्या, आपल्या आईवडिलांची खाती असलेल्या सहकारी बँकांचे संरक्षण करणारी माणसे याच वर्गांतून तयार व्हायची आहेत, ही जाणीव अभ्यासक्रमात दिसली पाहिजे. मला तरी या क्षेत्रात टिकून राहण्याचे बळ त्याच जाणिवेतून मिळते.

कायद्याचा विषय अनेक ठिकाणी सातव्या-आठव्या सेमिस्टरला ढकललेला असतो. तो पहिल्याच वर्षी शिकवला गेला पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती स्कॅनिंगची साधने येतात आणि परवानगी या गोष्टीचे गांभीर्य त्याला कोणी सांगितलेले नसते, ही स्थिती मला अस्वस्थ करते. कुतूहल दाबायचे नसते. त्याला जागा द्यायची असते. स्वतःच्या लॅपटॉपवरची व्हर्च्युअल मशीन, मुद्दाम कमकुवत बनवलेले ज्यूस शॉप हे वेब ॲप्लिकेशन, कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ ही सराव-स्पर्धा अशा कायदेशीर आणि फुकट जागा भरपूर आहेत. पुढे नोकरीत आल्यावर कायद्याची दुसरी बाजू समोर येते. सर्ट-इन या देशातल्या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. ते सहा तास सॉकमध्ये किती भरभर जातात, हे तिथे बसल्याशिवाय समजत नाही.

आता निवडीबद्दल. महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा प्लेसमेंटचा फलक वाचून झाल्यावर लॅब उघडून दाखवायला सांगा. बाकीच्या जाळ्यापासून तोडलेले, मुलांना मोडतोड करता येईल असे वेगळे नेटवर्क तिथे आहे का, ऑपरेटिंग सिस्टीम शिकवणारे प्राध्यापक कायमस्वरूपी आहेत का, आणि प्रॅक्टिकल खरोखर होतात की जर्नलावर फक्त सह्या होतात, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारले तर ती खरे सांगतात. उत्तरे समाधानकारक नसतील, तर त्याच महाविद्यालयातले साधे कम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावे असे मी नि:संकोच सांगेन. त्यानंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा सुरक्षाविषयक पदव्युत्तर डिप्लोमा करून या क्षेत्रात आलेले आणि माझ्याहून पुढे गेलेले सहकारी माझ्या शेजारीच बसतात. न्यायवैद्यक बाजूची ओढ असेल, तर गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे, आणि त्याचे एक संकुल गोव्यातही आहे. सर्टिफिकेटच्या मागे पहिल्या दोन वर्षांत धावू नये. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजीचा धसका घेऊ नये, पण रोज पानभर अहवाल लिहिण्याची सवय मात्र लावून घ्यावी, कारण काय घडले हे क्रमाने आणि अचूक लिहिता येणे हे सॉकमधल्या कामाचे निम्मे अंग आहे.

बारावीनंतरच्या सुट्टीत हा विषय आपल्याला रुचतो का, हे पाहण्याची एक चांगली सोय आहे. ओव्हरदवायर या संकेतस्थळावर बँडिट नावाचा खेळ आहे. २२२० या पोर्टवर एसएसएचने लॉगिन करायचे आणि प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा. सुरुवातीच्याच एका पायरीवर तो पासवर्ड ज्या फाइलमध्ये असतो, तिचे नाव नुसती एक आडवी रेघ आहे. फाइल वाचून दाखवणारी ‘कॅट’ ही आज्ञा लिहून पुढे ती रेघ दिली की काहीच घडत नाही. कर्सर लुकलुकत राहतो, कारण त्या रेघेचा अर्थ ‘कळफलकावरून येणारा मजकूर वाच’ असा लावण्याची कॅटची रीत आहे. फाइलच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ लावून ती याच डिरेक्टरीत आहे असे सांगितले, की पासवर्ड समोर येतो. यात तोडफोड काहीच नाही, फक्त आज्ञावलीचा स्वभाव ओळखणे आहे. ते उत्तर सापडल्यावर, ‘मग टिंब लावल्याने नेमके काय बदलले’ हे शोधत जो आणखी तासभर बसून राहील, त्याने ऑप्शन फॉर्ममध्ये ही शाखा वर टाकावी.